तुसात राखलेली थंडी

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी, आणि मी वीस वर्षांचा. शाळा चौथीतच सुटलेली. अक्षर आजही कोंबडीनं उकरल्यासारखं येतं. पण पोलादपूरला हायवेच्या कडेला ज्या गॅरेजात मी कामाला होतो, तिथं ट्रकवाले मालकाला डावलून माझं नाव घ्यायचे. कशेडीचा घाट उतरून आलेल्या गाड्या असायच्या. जळलेल्या ब्रेकचा वास गाडीच्या आधी यायचा. मी बाकड्यावर चहा पीत असलो तरी न उठता सांगायचो, मागचं डावं बेरिंग बोलतंय. किंवा पंपाचं पाणी संपलंय. दहात आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळांबद्दल कोणी बोलत नसे, आणि मी तर नाहीच नाही. विसाव्या वर्षी मला लोक मिस्त्री म्हणत होते. बापाच्या वयाची माणसं म्हणत होती. त्याची एक नशा असते, ती दारूपेक्षा वाईट. दारू सकाळी उतरते तरी.

काम मला शिकवलं महाडच्या हमीदचाचांनी. त्यांचा एक कायदा होता. गाडी आली की पान्याला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागं धरायचे आणि गाडीभोवती एक फेरी मारायची. वाकून खाली बघायचं, वास घ्यायचा, मग ड्रायव्हरला विचारायचं, कालपासून आजपर्यंत काय काय झालं. ‘‘गाडीला तोंड नाय, ड्रायवरला हाय. त्याचा ऐक आधी,’’ म्हणायचे. चाचांच्या हाताखाली असेपर्यंत मी फेरी मारली. पोलादपूरला आल्यावर सोडून दिली. मला वाटायचं, ज्याचे कान कच्चे त्यानं फेऱ्या माराव्यात.

घर आमचं उमरठच्या अलीकडच्या वाडीत. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते आणि तिथंच वारले, मी तेव्हा लहान. घरात आई, तिला आम्ही बय म्हणायचो, आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आक्का. आक्काचं लग्न झालं होतं, पण ती आमच्याकडेच राहायची. भावोजींच्या घरी म्हातारं माणूस कोणी उरलं नव्हतं, आणि ते स्वतः मुंबईला गाववाल्यांच्या खोलीत दहा जणांत एक वळकटी टाकून राहायचे. तिथं बायकोला नेणार कुठं? चार वर्षं असंच चाललेलं. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला पाच. त्यांची मुलगी मंगी बापाला बघून पहिले दोन दिवस रडायची, आणि तिसऱ्या दिवशी ओळख झाली की भावोजींची निघायची वेळ व्हायची.

पहाटे मला जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. बय आणि आक्का समोरासमोर बसून नाचणी दळायच्या. जात्याचा घर्रर्र आवाज आणि त्यात आक्काच्या बांगड्या. दळण झालं की आक्का चूल पेटवायची. नाचणीची गरम भाकरी आणि सुकटाची चटणी खाऊन मी पोलादपूरला निघायचो. भाकरीचा पापुद्रा मला लागायचा आणि आक्का तो मलाच द्यायची, स्वतः खालची करपलेली बाजू खायची. लहानपणापासून तसंच. मला तेव्हा वाटायचं तिला करपलेलीच आवडते.

त्या साली आक्काचं नशीब उघडलं होतं. आमच्याच वाडीतले नारायणशेठ मुंबईला धंद्यात वर आले, आणि भावोजी त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर लागले. शेठनी गोदामाच्या मागं एक खोली द्यायची कबूल केली. शिमगा झाला की त्याच गाडीतून आक्का आणि मंगी मुंबईला जाणार होत्या. आक्कानं महिनाभर आधी पत्र्याची ट्रंक भरायला घेतली. रोज दुपारी उघडायची, काढायची, पुन्हा लावायची. तांदूळ, वाल, कोकमाची पुडी, मंगीचे दोन फ्रॉक आणि तळाला एक नवीन तवा. ‘‘मुंबईला तवे मिळत नाय का गो?’’ मी विचारलं. ‘‘मिळतात. पण हा माझा हाय,’’ ती म्हणाली.

शिमग्याला शेठ आले ते पांढऱ्या मोठ्या गाडीतून, आणि त्या गाडीत थंड हवेचं मशीन होतं. तेव्हा असं मशीन मुंबईत वेगळं बसवून घ्यायचे. समोरच्या फळीखाली एक पेटी, तिला झरोके, आणि झरोक्यातून गार वारा. आमच्याकडे कोणी असलं काही पाहिलं नव्हतं. मीही नाही, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. बायकांनी गाडीला ओवाळलं, पुढच्या जाळीवर झेंडूची आणि आंब्याच्या पानांची भरगच्च माळ बांधली, नारळ फोडला. मग शेठ म्हणाले, ‘‘म्हादू, बसव सगळ्यांना एकेक करून.’’ म्हादू म्हणजे आमचे भावोजी. ते इंजिन चालू ठेवून पुढं बसले आणि सगळी वाडी पाळीपाळीनं मागच्या सीटवर जाऊन आली. बाहेर शिमग्याचं ऊन, ढोल तापलेला, आणि आत दार लावलं की पौषातली पहाट. चंद्रीआजी दोन मिनिटांत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘ह्यात बसवून न्या मला मसणात, एक शबूद बोलायची नाय.’’ सगळे हसले. तिची सून म्हणाली, ‘‘आत्या, मसणात जायला शेठची गाडी कशाला? माझं जेवण हाय की.’’

बय बसली तेव्हा तिनं झरोक्याला हात लावला, वास घेतला, आणि भावोजींना विचारलं, ‘‘बर्फ कुठं ठेवलाय?’’

‘‘मामी, बर्फ नाय. मशीन हाय, गॅसवर चालतं.’’

‘‘गॅसवर चूल पेटते,’’ बय म्हणाली. ‘‘मला नको सांगू. माळेच्या मागनं थंडी येते ना?’’

‘‘पुढं जाळीमागं असतो खरा एक भाग,’’ भावोजी हसून म्हणाले, आणि विषय तिथंच राहिला.

बयला बर्फाची माहिती होती. मी सात वर्षांचा असताना मला तापानं वात झाला. डॉक्टरनं बर्फ लावायला सांगितलं. बर्फ महाडला. बय महाडला गेली, बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा घेतला, भाताच्या तुसात घालून गोणपाटात बांधला, आणि एसटीनं पोलादपूर आणि तिथून डोक्यावर वाडी. निम्मा बर्फ पोचला. त्या निम्म्यावर मी जगलो, असं ती सांगायची. तूस आणि गोणपाट, यात घातलं की थंडी पळत नाही, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, तिनं करून बघितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठचे व्याही आले. महाडची बडी माणसं, मुलगी तिथं द्यायचं नुकतंच ठरलेलं. कोंबडी-वडे खाऊन झाले, आणि शेठ त्यांना थंड गाडीतून महाडला पोचवणार होते. सगळे अंगणात उभे. भावोजींनी गाडी चालू केली, ठीक. थंडीचं बटन दाबलं आणि पुढून आवाज सुरू झाला. खर्रर्र, खर्रर्र, मधेच फट्‌ फट्‌, सुपात खडे पाखडावेत तसा. आणि झरोक्यातून वारा आला तो गरम. भाताचं झाकण उघडल्यावर तोंडावर येतो तसा. बटन बंद केलं की आवाज बंद. चालू केलं की चालू. व्याह्यांनी रुमाल काढून मान पुसली. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘‘काल अख्खी वाडी बसवलीत ना, मोडलं असेल,’’ व्याही म्हणाले. शेठनी मान वळवून विचारलं, ‘‘तो मिस्त्री कुठाय, म्हादूचा मेहुणा?’’

मी तिथंच होतो. हाक येण्याची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू.

बॉनेट उघडलं. आत एक काळा गोळा पट्ट्यावर फिरत होता, त्याच्यापासून जाड नळ्या निघाल्या होत्या. हा तो कॉम्प्रेसर असणार एवढं मला ऐकून माहीत होतं. लांब पेचकस घेतला, टोक गोळ्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. आत कण्हल्यासारखा आवाज येत होता, ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखा. सगळी वाडी गप्प. मला ती शांतता आवडली. भावोजी माझ्या शेजारी वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘शांताराम, आधी पुढनं बघ रे. जाळीमागं बारका पंखा हाय, थंडी लावली की फिरतो. आवाज तिथला वाटतोय. काय तरी लागतंय त्याला.’’

माझा कान कॉम्प्रेसरवर होता आणि माझा मान चारचौघांत. मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘भावोजी, तुम्ही स्टेरिंग धरा. दुखणं आम्हाला बघू दे.’’

पोरं हसली. भावोजी दोन पावलं मागं झाले.

‘‘पोराला जमेल का?’’ व्याह्यांनी विचारलं. ‘‘का मुंबईलाच न्यायची?’’

त्या एका वाक्यावर मी पाना उचलला. हमीदचाचांची फेरी मारली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. इंजिन बंद करायला लावलं आणि जाड नळीच्या तोंडाचा नट फिरवला. का फिरवला? आज विचारलं तर उत्तर एवढंच, की काहीतरी फिरवायला हवं होतं. दोन आटे सुटले आणि फिस्‌स्‌ करून पांढरा धूर उसळला. थंडगार. माझी दोन बोटं त्याच्या तोंडी आली आणि चटका बसावा तशी पोळली, गारठ्यानं पोळली. नट परत आवळायला हात वळेना. उजव्या हाताच्या त्या बोटांची टोकं आजही बधिर आहेत, पावसाळ्यात चहाचा कप त्यांना कळत नाही. बायका ‘अगो बय’ करत मागं सरल्या. मुंबईहून इथवर आणलेली सगळी थंडी माझ्या तोंडासमोरून गेली, चंद्रीआजीच्या परसावरून, आंब्यावरून, आणि संपली. मग नुसती तेलाची गुळणी आली आणि नळी गप्प झाली.

पाना हातून सुटून खाली पडला होता. तो घ्यायला मी गाडीच्या नाकापुढं उकिडवा बसलो, आणि तेव्हा झेंडूच्या माळेखालून, जाळीच्या खालच्या फटीतून मला गोणपाट दिसलं. हात घालून ओढलं. पुरचुंडी निघाली, मुठीएवढी, आत तूस. तोंड हिरव्या काठानं बांधलेलं, आणि तो काठ आक्काच्या जुन्या लुगड्याचा. गाठ बयची. बियाणं बांधून आढ्याला टांगताना ती जी दुहेरी गाठ मारायची तीच. एका पुरचुंडीचं गोणपाट पंख्याच्या पात्यानं उसवलं होतं, सुतळ्या पात्याला गुंडाळल्या होत्या. खर्रर्र आणि फट्‌फट् ते होतं. चार पुरचुंड्या. आणि ज्या जाळीतून वारा घ्यायचा ती वरून माळेनं आणि आतून पुरचुंड्यांनी बंद, म्हणून आतली ऊब बाहेर जायला वाटच नाही, म्हणून गरम वारा. मशीनला काही झालेलं नव्हतं. काहीच. बय पहाटे शेण आणायला उठली असेल आणि जावयाच्या गाडीतली थंडी उन्हानं पळू नये म्हणून ती बांधून ठेवून आली असेल.

माझ्या पाठीमागं तीस-चाळीस माणसं उभी होती आणि मधे मी, त्यामुळं हातात काय आहे ते कोणाला दिसत नव्हतं. मी चारही पुरचुंड्या सदऱ्याच्या आत सारल्या. पात्याच्या सुतळ्या तोडल्या. उठलो, नट आवळला, आणि म्हणालो, ‘‘लावा आता.’’

आवाज गेला होता. पंखा गुपचूप फिरत होता. वाडीनं टाळ्या वाजवल्या, कोणीतरी ढोलावर थाप दिली. व्याही म्हणाले, ‘‘वा, पोरगं हुशार आहे.’’ ती शाबासकी मी घेतली. माझ्या पोटाशी तूस टोचत होतं आणि मी हसत होतो.

‘‘पण थंड कुठं येतंय?’’ शेठनी झरोक्यापुढं हात धरून विचारलं.

इथं मला एक श्वास मिळाला होता. त्या श्वासात सांगता आलं असतं, शेठ, मला यातलं कळत नाही, गॅस माझ्या हातून गेला, मुंबईला परत भरून मिळेल. कोणी मारलं नसतं. फार तर हसले असते. भावोजी माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, ‘‘गॅस सडलेला होता शेठ. बघितलात ना कसा पांढरा धूर निघाला? आधीपासून गळत असणार. ड्रायवरनं ध्यान द्यायला हवं होतं.’’

एवढंच. चार वाक्यं. मी आयुष्यात पुष्कळ बोललो, पण या चार वाक्यांइतकी मला दुसरी पाठ नाहीत.

‘‘शेठ, काल सगळी वाडी बसली गाडीत. काल थंड होती,’’ भावोजी म्हणाले.

‘‘काल होती, आज नाही. गाडी कोणाच्या हातात होती, माझ्या?’’ शेठ व्याह्यांसमोर होते, त्यांनाही कोणीतरी हवं होतं. ‘‘दोन महिने सांगतोय, गाडीकडं बघ, गाडीकडं बघ. चावी दे.’’

‘‘शेठ...’’

‘‘चावी दे म्हादू. शिमगा कर, आराम कर, इथंच राहा.’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘मिस्त्री, लायसन आहे का? उद्या सकाळी गाडी मुंबईला तू ने. मिस्त्री आणि ड्रायव्हर एकाच माणसात मिळाला तर मला बराच. पुढचं तिथं बघू.’’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मान हलली की काय, मला खरंच आठवत नाही. व्याही गरम गाडीतून महाडला गेले, शेठच्या पुतण्यानं पोचवलं.

आता महाडला गाडीचे एसी बघणारी दुकानं झालीत. काट्यावर प्रेशर बघतात, मशीन लावतात. मीही पुढं हेच काम केलं, तीस वर्षं केलं, आणि मला मान होता. गाडी आवाज करते आणि गरम हवा मारते अशी तक्रार आली की मी आधी फेरी मारायचो, मग पुढं उकिडवा बसून जाळीत हात घालायचो. पाचोळा, चिखल, कधी पिशवीचा कागद. पुष्कळदा तेवढंच असायचं. लोक म्हणायचे, ह्याला म्हणतात अनुभव. मी त्यांना कधी सांगितलं नाही की तो अनुभव कुठला.

घरी आलो तेव्हा ऊन कलतं होतं. आक्काला बातमी माझ्याआधी पोचलेली. तिनं ताटं घेतली, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. भावोजी माझ्या शेजारी पाटावर बसले. ते जेवत होते, मी भाकरी मोडत होतो. मंगी त्यांच्या मांडीवर चढून बसली. हा दुसराच दिवस होता, पण या वेळी ओळख लवकर झाली होती. मधेच भावोजींनी डावा हात माझ्या सदऱ्याच्या बटनापाशी नेला आणि बोटानं काहीतरी झटकलं. ‘‘तूस लागलंय,’’ म्हणाले. पुरचुंड्या मी गोठ्यामागं उकिरड्यात पुरल्या होत्या, सदरा झटकायचा राहिला होता. मी मान वर केली नाही. त्यांनी आक्काकडे आणखी बिरडं मागितलं.

बय चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, ‘‘शांताराम, मला एक सांग. मी पहाटेला जाळीमागं तूस भरलं व्हतं, चार पुरचुंड्या. तरी थंडी गेली कशी रे?’’

आक्काचा हात ताटावर थांबला. भावोजींचा नाही.

‘‘मला तूस कुठं दिसलं नाय गो बय,’’ मी म्हणालो. ‘‘उंदरानं ओढलं असंल.’’

‘‘तरीच,’’ बय म्हणाली. ‘‘चार कमीच पडली. गाडी केवढी मोठी, मी चारच बांधली. सहा बांधायला हवी व्हती. माझीच चूक.’’ आणि पदर डोळ्याला लावला. ती पुढं बारा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तिला वाटत होतं की दोन पुरचुंड्या कमी पडल्या म्हणून लेकीचा संसार मुंबईला लागला नाही. तिला खरं सांगितलं असतं तर ती आणखी मोडली असती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. त्यात थोडं खरं असेलही. पण मी गप्प बसलो ते तिच्यासाठी नाही.

आक्कानं जेवणं आवरली आणि ओटीवर जाऊन ट्रंक उघडली. तांदूळ काढून कणगीत ओतले. वाल डब्यात. फ्रॉक दोरीवर. सगळं काढून झाल्यावर तवा काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि भिंतीच्या खुंटीला लावला. रडली नाही. रडली असती तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. पण तेही मी आत्ता म्हणतोय.

भावोजी पडवीत विडी ओढत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, ‘‘भावोजी, मी नाय जाणार मुंबईला.’’

‘‘जा,’’ ते म्हणाले.

‘‘नाय, मी शेठला सांगतो की...’’

‘‘काय सांगशील?’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी काय म्हणतो ते खरंच ऐकायला थांबले होते.  मग त्यांनी विडी जमिनीवर विझवली. ‘‘घरातली नोकरी घरात ऱ्हावं दे. तू नाय गेलास तर तिसराच कोण तरी जाईल. मग मामींच्या हाती काय, आपल्या हाती काय?’’

खूप वर्षांनी, भावोजी महाडला टेम्पो चालवायचे तेव्हा, एकदा आम्ही डेपोसमोर चहा पीत बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? ते म्हणाले, ‘‘सहा महिने गाडी माझ्या हातात व्हती रे. आवाज कुठला ते मला कळणार नाय?’’ मग बोलला का नाहीत? ‘‘बोललो असतो तर पुरचुंड्या निघाल्या असत्या. आणि त्या कोणाच्या ते सगळ्या वाडीला कळलं असतं. शेठ सासूला चारचौघांत बोलला असता.’’ ते बशी ठेवून टेम्पोकडे गेले. आज ते नाहीत, बय नाही. आक्का आहे, त्याच घरात. मुंबईला ती चारदा गेली असेल, पाहुणी म्हणून. तिला वाचता येत नाही. हे तिला वाचून दाखवायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या रात्री मात्र मी ठरवलं होतं. सकाळी शेठकडे जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, गॅस मी सोडला, दोष माझा, म्हादूभावोजींना ठेवा. बयचं नाव घ्यायचं नाही, एवढंच जपायचं. अंथरुणात वाक्यं जुळवली. सोपी होती, तिथं अडखळण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेठच्या अंगणात गेलो. वाडी जमलेली होती. शेठची बायको मागच्या सीटवर बसलीही होती. भावोजी आधीच येऊन गाडीची काच पुसत होते, आपलीच गाडी असल्यासारखी. मी शेठसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि शेठनी चावी उडवली. मी ती झेलली. हात आपोआप वर गेला. ‘‘चल, ऊन व्हायच्या आत हायवे गाठू. चल बस,’’ शेठ म्हणाले आणि हसले, आणि वाडी हसली, आणि मी बसलो. भावोजी दारापाशी आले. फडकं खांद्यावर टाकून वाकले आणि म्हणाले, ‘‘तिसरा गेर अडकतो. जोर लावू नको. जरा सोडून घाल, जातो आपोआप.’’ मी मान हलवली.

‘‘काचा वर घे,’’ शेठ मागून म्हणाले. ‘‘चारही.’’

‘‘शेठ, उकडंल.’’

‘‘उकडू दे. महाड जाईपर्यंत कोणाला कळायला नको. थंडीची गाडी आहे.’’

मी चारही काचा वर केल्या. गाडी वाडीतून निघाली. वळणावर आंब्याखाली आक्का उभी होती, मंगी कडेवर. मी गाडी हळू केली. ती पुढं आली, काचेला हात टेकला आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. माझा हात काचेच्या दांडीवर होता, अर्धा फेरा दिला असता तरी पुरलं असतं. शेठ म्हणाले, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं काही नाही. दांडीवरचा हात काढला, आणि गाडी तिसऱ्या गेरमध्ये घातली, जरा सोडून. अडकली नाही.